वडोदऱ्यातील कारखानदारांस खुले पत्र : सीआरएम अपग्रेडची पूर्वतयारी अंदाजपत्रकातून वगळू नका

प्रति,
वडोदरा शहर व परिसरातील कारखान्यांचे संचालक, विक्री व सेवा विभागांचे प्रमुख आणि माहिती-तंत्रज्ञान विभागाचे अधिकारी यांस

स.न.वि.वि.

मी जेथे नोकरी करते त्या कंपनीने नव्या आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकातून सीआरएमच्या, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी आणि तक्रारी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, अपग्रेडची पूर्वतयारी करण्यासाठी असलेली तरतूद पूर्णपणे काढून टाकली आहे. चाचणीसाठी घेतलेल्या सँडबॉक्सचे (चालू प्रणालीला धक्का न लावता बदल तपासून पाहण्याच्या वेगळ्या प्रतीचे) नूतनीकरण करायचे नाही, प्रत्येक रिलीजच्या, म्हणजे नव्या आवृत्तीच्या, आधी विक्री, सेवा आणि आयटी या तीन विभागांची जी छोटी समिती बसत असे ती बंद करायची, आणि सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या बाहेरच्या कंपनीशी, म्हणजे अंमलबजावणी पार्टनरशी, असलेला करार बिघाड झाल्यावरच्या दुरुस्तीपुरता ठेवायचा, असा तो निर्णय आहे. कारण असे दिले गेले की सॉफ्टवेअर क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या बाहेरच्या सर्व्हरवर, आहे, अपडेट मूळ कंपनी आपोआप करते, तेव्हा आपण त्यावर वेगळा खर्च करण्याचे प्रयोजन उरत नाही. हा निर्णय केवळ आमच्याकडे झाला असता तर वरिष्ठांना लेखी कळवून मी थांबले असते, आणि तसे मी कळवलेही आहे. परंतु मकरपुरा, वाघोडिया आणि सावली येथील कारखान्यांत माझ्यासारखेच काम करणाऱ्या मंडळींशी बोलताना हेच कारण जवळजवळ याच शब्दांत ऐकू आले, म्हणून हे पत्र आपणा सर्वांस उघडपणे लिहीत आहे.

आमची कंपनी पाण्याचे पंप आणि मोटारी बनवते, आणि मी ग्राहक-सेवा विभागाचे काम पाहते. पादरा, करजण, डभोई या भागांतील शेतकरी, शहरातल्या गृहनिर्माण सोसायट्या आणि गावोगावचे विक्रेते हे आमचे ग्राहक. उभे पीक असताना मोटार जळाली किंवा सोसायटीच्या टाकीत पाणी चढेनासे झाले की फोन आमच्याकडे येतो, आणि त्या क्षणी आमच्यापुढे सीआरएमचा पडदा सोडून दुसरे काहीही नसते. ग्राहकाचे नाव, पंपाचा अनुक्रमांक, वॉरंटीची मुदत, मागची दुरुस्ती कोणी केली, जवळचा मेकॅनिक कोण, हे सारे त्यातच आहे. आपल्या अंदाजपत्रकात ज्याला सॉफ्टवेअरचा खर्च म्हटले जाते, ते आमचे दिवसभराचे काम आहे.

मी क्लाउडच्या विरोधात नाही, हे आधीच स्पष्ट करते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले आणि कित्येक वस्त्या दिवसच्या दिवस पाण्याखाली राहिल्या, तेव्हा आमचे कार्यालय बंद असूनही आमच्या विभागातल्या मुलींनी ज्यांच्या घरी वीज होती तेथून तक्रारी नोंदवल्या, त्या केवळ सीआरएम क्लाउडवर होते म्हणूनच. जुन्या पद्धतीप्रमाणे सर्व्हर कारखान्याच्या तळमजल्यावर असता तर पंप बुडालेल्या लोकांना आम्ही उत्तरसुद्धा देऊ शकलो नसतो. माझा आक्षेप आहे तो अपडेट आपोआप होते म्हणून त्याची तयारीही आपोआप होईल, या समजुतीला.

ज्या कंपन्या ही सॉफ्टवेअरे बनवतात त्यांनी स्वतः असे कधीही म्हटलेले नाही. सेल्सफोर्स वर्षातून तीन वेळा मोठे रिलीज काढते आणि त्यांना स्प्रिंग, समर आणि विंटर अशी नावे असतात. ग्राहकांच्या चालू प्रणालीत नवी आवृत्ती टप्प्याटप्प्याने, बहुधा शनिवार-रविवारी, येते. पण त्याच्या काही आठवडे आधी ती सँडबॉक्समध्ये पाहता येते, मात्र त्यासाठी आपला सँडबॉक्स ठरावीक तारखेच्या आत पूर्वावलोकनाच्या गटात असावा लागतो. प्रत्येक रिलीजसोबतची टिपणे शेकडो पानांची असतात, आणि कोणता बदल कोणत्या तारखेपासून सक्तीचा होणार हे दाखवणारे वेगळे पानही प्रणालीतच दिलेले असते. मायक्रोसॉफ्ट डायनॅमिक्स ३६५ मध्ये वर्षाला दोन लाटा येतात, एक एप्रिलपासून आणि दुसरी ऑक्टोबरपासून, आणि इच्छुक ग्राहकांना त्यातले काही बदल आधीच चालू करून पाहण्याची सोय असते. चेन्नईच्या झोहोच्या सीआरएममध्येही वरच्या श्रेणीच्या योजनांत सँडबॉक्स मिळतो. म्हणजे पाहून घेण्याची मुदत आणि पाहून घेण्याची जागा या दोन्ही गोष्टी बनवणाऱ्याने दिलेल्या आहेत. त्या वापरायच्या की नाहीत, एवढाच निर्णय आपल्या हाती उरतो, आणि तो आपण 'नाही' असा घेत आहात.

त्यातही 'अपग्रेड' या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी मोडतात. मूळ कंपनीकडून येणारे नियमित रिलीज ही पहिली. त्याची तारीख आपण फार तर थोडी मागेपुढे करू शकतो, टाळू शकत नाही. दुसरी म्हणजे जुन्या सोयी बंद होणे. सेल्सफोर्सने आवृत्ती क्रमांक ७ ते २० पर्यंतचे जुने एपीआय (बाहेरची सॉफ्टवेअरे सीआरएमला जोडण्याच्या वाटा) २०२२ मध्ये बंद केले, ते पुरेशी आगाऊ सूचना देऊन. परंतु ज्यांच्या वेबसाइटचा तक्रार-अर्ज किंवा हिशेबाचे सॉफ्टवेअर कोणीतरी अनेक वर्षांपूर्वी त्या जुन्या वाटेने जोडून दिले होते आणि तो माणूस केव्हाच सोडून गेला होता, त्यांच्यासाठी ती सूचना कोण वाचणार होते? त्याच कंपनीच्या 'वर्कफ्लो रूल्स' आणि 'प्रोसेस बिल्डर' या स्वयंचलित नियम चालवणाऱ्या दोन जुन्या साधनांना मिळणारे साहाय्य ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपले. ती त्या दिवशी बंद पडली नाहीत, पण पुढे त्यांत दोष निघाला तर तो दुरुस्त करून मिळणार नाही. तिसरी गोष्ट म्हणजे आपण स्वतः करतो ते अपग्रेड, ज्यात जुने स्वयंचलित नियम नव्या साधनांत हलवले जातात, नवे विभाग जोडले जातात किंवा वरची योजना घेतली जाते. यातले काहीही आपोआप होत नाही, आणि सर्वांत जास्त घोटाळे येथेच होतात.

असा एक घोटाळा मी जवळून पाहिला आहे, आणि तो सविस्तर सांगितल्याशिवाय माझी तक्रार आपल्यापर्यंत पोहोचेल असे वाटत नाही. एका आठवडाअखेरीस आमचे तक्रार-वाटपाचे जुने नियम नव्या पद्धतीत हलवण्यात आले. पिनकोड पाहून तक्रार त्या त्या भागातल्या मेकॅनिकच्या नावावर टाकणे हे त्या नियमांचे काम. पार्टनरच्या माणसांनी चाचणी घेतली, पण ती त्यांनी स्वतःच भरलेल्या नमुना तक्रारींवर, आणि त्या प्रत्येक तक्रारीत पिनकोड नीट भरलेला होता. प्रत्यक्षात गावातले विक्रेते मोबाइलवरून तक्रार टाकतात तेव्हा पिनकोडचा रकाना रिकामा सोडतात आणि पत्त्यात 'पाद्र्याच्या पुढे, कॅनॉलच्या अलीकडे' असे लिहितात. जुन्या नियमात अशा तक्रारी विक्रेत्याच्या तालुक्यावरून वाटल्या जात. नव्यात ती अट आणायची राहून गेली. सोमवारी सकाळपासून या सगळ्या तक्रारी कोणाच्याही नावावर नसलेल्या एका रांगेत जाऊन पडू लागल्या. ती रांग आमच्या पडद्यावर दिसतही नव्हती, कारण आमच्या लॉगिनला ती पाहण्याची परवानगी दिलेली नव्हती.

त्यातच तक्रार नोंदल्याचा जो एसएमएस ग्राहकाला जातो, त्याच्या मजकुरातला एक शब्द या कामात कोणीतरी 'सुधारला' होता. व्यावसायिक एसएमएसचा मजकूर दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी नावाच्या नोंदणी प्रणालीत आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो आणि पाठवलेला मजकूर त्याच्याशी जुळला नाही तर तो अडवला जातो, हे या व्यवसायातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे. ८ मार्च २०२१ रोजी ही पडताळणी लागू होताच देशभर ओटीपी आणि बँकांचे संदेश अडकले होते, आणि ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेला ती सात दिवसांसाठी स्थगित ठेवावी लागली होती. आमचे संदेश तसेच अडले. एसएमएस आला नाही म्हणून ग्राहकांना वाटले की तक्रार नोंदलीच गेली नाही, म्हणून त्यांनी पुन्हा फोन केला, आमच्या मुलींना आधीची नोंद दिसेना म्हणून त्यांनी नवी तक्रार घेतली, आणि पुढे ती अडकलेली रांग मोकळी करण्यात आली तेव्हा एकेका ग्राहकाच्या दोन-दोन तक्रारी मेकॅनिकांच्या हाती पडल्या. पाद्र्याजवळच्या एका विहिरीवर दोन मेकॅनिक वेगवेगळ्या वेळी जाऊन आले, आणि त्याच दिवशी कारेलीबागेतली एक सोसायटी टँकर मागवून बसली होती. त्या सोसायटीचे सेक्रेटरी वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी आमच्यावर आवाज चढवला नाही; तिसऱ्या मजल्यावर एकटी राहणारी आजारी बाई आहे, तिला पाणी कोण चढवून देणार, एवढेच ते पुन्हा पुन्हा विचारत होते, आणि आमच्यापाशी उत्तर नव्हते.

पिनकोड नसलेली एक तक्रार आणि स्वतःच्या मोबाइलवर पाठवून पाहिलेला एक संदेश, एवढ्या चाचणीत हे दोन्ही दोष शुक्रवारीच सापडले असते. पण विक्रेते पिनकोड भरत नाहीत ही माहिती आमच्या टेबलावर होती, आणि आमच्या टेबलाला कोणी विचारले नव्हते. माझी पहिली आणि मुख्य तक्रार हीच आहे. अपग्रेडचे नियोजन ज्या बैठकीत होते तिथे परवान्यांची संख्या, खर्च, तारीख आणि नव्या सोयी यांवर तासन्‌तास चर्चा होते, पण दिवसभर त्या पडद्यासमोर बसणारे माणूस तिथे नसते. समिती होती तेव्हा निदान आमच्यातल्या एकीला बोलावले जात असे. आता तेही बंद होणार आहे.

दुसरी तक्रार तारखांविषयी आहे. सेल्सफोर्सचे विंटर रिलीज सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चालू प्रणालीत येते आणि डायनॅमिक्सची दुसरी लाट ऑक्टोबरमध्ये सुरू होते. आपल्या शहरात तेव्हा नवरात्र असते किंवा दिवाळी तोंडावर आलेली असते. नऊ रात्री अर्धे शहर गरब्याच्या मैदानावर असते, दिवाळीनंतर लाभपाचमेपर्यंत पार्टनरच्या कार्यालयात फोन उचलायला माणूस मिळत नाही, आणि विक्री विभागाला नेमकी तेव्हाच वर्षातली सर्वाधिक दरपत्रके काढायची असतात. २२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे नवे दर लागू झाले तो नवरात्राचा पहिला दिवस होता, आणि ज्यांच्याकडे दरपत्रकांचे नमुने बदलून तपासण्याची जागा नव्हती त्यांना ते चालू प्रणालीतच बदलावे लागले. सरकारची तारीख आपण ठरवत नाही, मूळ कंपनीचीही ठरवत नाही. पण स्वतःचे अपग्रेड मार्चअखेरच्या आठवड्यात किंवा उत्तरायणाला लागून असलेल्या शनिवारी ठेवणे हे मात्र आपणच ठरवतो, आणि तसे ठरवलेले मी पाहिले आहे.

तिसरी तक्रार शिकवण्याची. रिलीजची माहिती इंग्रजीत येते, आयटी विभाग ती तशीच मेलने पुढे पाठवतो, आणि सोमवारी सकाळी पडदा उघडला की बटणाची जागा बदललेली असते. आमच्याकडे काही मुली गुजराती माध्यमातून शिकलेल्या आहेत, काही आमच्या दांडिया बाजार-रावपुऱ्याच्या मराठी घरांतल्या आहेत. कामात त्या कोणालाही हार जाणाऱ्या नाहीत, पण इंग्रजी टिपण वाचून त्यातून आपल्या कामाचे तेवढे वेचून काढायला त्यांना कोणी वेळ दिलेला नसतो. फोनवर ग्राहक थांबलेला असताना नवी जागा शोधावी लागते, आणि त्या दिवसांतला उशीर पुढच्या महिन्यात त्यांच्याच मूल्यमापनात दिसतो. वर सांगितलेल्या घोटाळ्यानंतर 'तक्रारी निकाली काढण्याचा सरासरी वेळ का वाढला' याचे लेखी स्पष्टीकरण आमच्या विभागाकडे मागण्यात आले होते. नियम हलवणाऱ्यांकडे ते मागितले गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

चौथी तक्रार ग्राहकांच्या माहितीविषयी आहे आणि ती थोडक्यात मांडते. सँडबॉक्स नसला की चाचणी चालू प्रणालीत होते, किंवा कोणीतरी ग्राहकांची यादी एक्सेलमध्ये उतरवून पार्टनरला मेलने पाठवते. शेतकऱ्यांची नावे, मोबाइल क्रमांक आणि पत्ते अशा रीतीने किती लॅपटॉपांवर गेले असतील याचा हिशेब कोणाकडेही नाही. वैयक्तिक डिजिटल डेटाच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे, आणि माहितीच्या सुरक्षेत कसूर झाल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सँडबॉक्सचे शुल्क वाचवताना ही बाजू कोणी मांडली होती का, हे मला जाणून घ्यायचे आहे.

आता मागण्या. त्या आमच्या व्यवस्थापनाकडे आहेत, तशाच आपल्या सर्वांकडे आहेत.

प्रत्येक कंपनीत सीआरएमच्या रिलीजसाठी एक जबाबदार व्यक्ती आणि तिच्या गैरहजेरीत काम पाहणारी दुसरी व्यक्ती नावानिशी नेमावी, आणि रिलीजची टिपणे वाचून आपल्याला लागू असलेले बदल निवडण्यासाठी तिला तिच्या इतर कामातून वेळ मोकळा करून द्यावा. हे काम पार्टनरकडे द्यायचे असेल तर ते करारात स्पष्ट लिहावे. करार केवळ दुरुस्तीचा ठेवला तर आधी वाचण्याचे काम कोणाचेच राहत नाही.

सँडबॉक्स काढून टाकू नये. त्यात ग्राहकांची खरी नावे आणि क्रमांक झाकलेले असावेत, पण तक्रारी खऱ्या धाटणीच्या असाव्यात : अर्धवट पत्ते, रिकामे पिनकोड, एकाच घरातले दोन ग्राहक, चुकीचा अनुक्रमांक, असे सारे त्यात यायला हवे. चाचणी सेवा आणि विक्री विभागांतल्या, रोज ते काम करणाऱ्या माणसांनी करावी, आणि त्यांनी लेखी होकार दिल्याशिवाय आपले स्वतःचे कोणतेही अपग्रेड चालू प्रणालीत जाऊ नये. यासाठी त्यांना फोनवरून उठवावे लागेल आणि त्या वेळेपुरती दुसरी माणसे बसवावी लागतील. हा खर्च आहे, तो मी लपवत नाही, आणि अंदाजपत्रकात तो उघडपणे दाखवावा अशीच माझी मागणी आहे.

सीआरएमला बाहेरून काय काय जोडलेले आहे, म्हणजे एसएमएस, व्हॉट्सअॅप, वेबसाइटचा अर्ज, विक्रेत्यांचे अॅप, हिशेबाचे सॉफ्टवेअर, कॉल सेंटरची फोनव्यवस्था, याची एक यादी करून प्रत्येक जोडणीपुढे ती कोणी केली, कोणत्या एपीआय आवृत्तीवर आहे आणि बिघडली तर कोणाला फोन करायचा, हे लिहून ठेवावे. आमच्याकडे अशी यादी समितीने सुरू केली होती. ती अर्धी झालेली आहे. निदान ती पूर्ण करू द्यावी.

नवरात्रापासून लाभपाचमेपर्यंत, उत्तरायणाच्या आठवड्यात आणि मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात स्वतःचा कोणताही मोठा बदल करू नये. मूळ कंपनीचे रिलीज त्या काळात येणारच असेल तर लगतच्या सोमवारी सकाळी पार्टनरचा एक जाणकार माणूस आमच्या विभागात प्रत्यक्ष बसलेला असावा. प्रणाली अडली तर तक्रारी कशावर उतरवायच्या, त्या नंतर कोणी भरायच्या आणि ग्राहकाला काय सांगायचे, हे आदल्या शुक्रवारपर्यंत ठरलेले असावे. पडद्यावर जे बदलणार आहे त्याचे एक पानी टिपण, चित्रांसह, गुजरातीत आणि हिंदीत, आणि जिथे मराठी मंडळी आहेत तिथे मराठीतही, एक आठवडा आधी हाती मिळावे.

अपग्रेडनंतरचे पहिले दोन आठवडे कर्मचाऱ्यांच्या मूल्यमापनातून वगळावेत, आणि त्या काळात वाढलेल्या तक्रारींचे स्पष्टीकरण आधी बदल करणाऱ्या विभागाकडे मागावे.

आमच्या कंपनीचे अंदाजपत्रक अजून अंतिम झालेले नाही, आपल्यापैकी बहुतेकांचेही झालेले नसावे. ते होण्यापूर्वी आपण सेवा विभागातल्या दोन कर्मचाऱ्यांना बैठकीत बोलावून, त्यांच्यासमोर पडदा ठेवून, मागच्या अपग्रेडच्या सोमवारी काय झाले ते त्यांच्या तोंडून ऐकावे, आणि सँडबॉक्स व समिती यांविषयीचा निर्णय त्यानंतर घ्यावा. आमच्या व्यवस्थापनाने अशी बैठक बोलावल्यास मी आणि माझ्या सहकारी, तक्रारींच्या नोंदी घेऊन, सांगाल त्या वेळी हजर राहू.

कळावे,

आपली नम्र,
ग्राहक-सेवा विभागातील एक कर्मचारी
मकरपुरा, वडोदरा